मजेशीर व्हिडिओ बघून रोजचं इंग्रजी तोंडात बसतं का?

बागवाला (निफाड)

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात एका द्राक्षाच्या पॅकहाऊसवर सुपरवायझर आहे. शिक्षण कृषी पदविका, सगळं मराठीतून. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तोवर आम्ही पुढच्या वर्गात गेलो होतो. वाचता येतं, मेल लिहिता येतो, समोरचा सावकाश बोलला तर कळतंही. बोलायची वेळ आली की घोडं अडतं.

जानेवारी ते एप्रिल आमच्याकडे मान वर करायला सवड नसते आणि युरोपातल्या खरेदीदारांची माणसं नेमकी तेव्हाच माल बघायला येतात. कामाचं इंग्रजी अडत नाही. ब्रिक्स (गोडी), बेरी साइज, पिंक बेरी, वॉटर बेरी (मऊ, पाणचट मणी), रेसिड्यू (औषधाचा अंश), प्री-कूलिंग, पनेट (द्राक्षाची छोटी डबी) हे शब्द आमच्याकडे ग्रेडिंगच्या टेबलावरच्या मावश्यासुद्धा दिवसभर बोलतात. थिनिंग (घडातले मणी विरळ करणं), डिपिंग (घड औषधात बुडवणं) तर बांधावरचं पोरगंही बोलतं. हे इंग्रजी आहे हे कुणाच्या गावीही नसतं.

अडतं ते मधल्या बोलण्यात. इंग्लंडहून येणारा क्यूसीवाला, म्हणजे मालाची प्रत तपासणारा, सकाळी गाडीतून उतरला की आधी ‘यू ऑलराइट?’ म्हणतो. हा माझ्या तब्येतीची चौकशी का करतोय, माझा चेहरा उतरलाय की काय, असं वाटून मी नुसता हसतो. मग दिवसभर ‘हँग ऑन’, ‘फेअर इनफ’, ‘नॉट टू वरी’, ‘आय'ल पॉप बॅक लेटर’ असं चालू असतं. एकदा चहा झाल्यावर हात झटकून म्हणाला, ‘राइट, शॅल वी क्रॅक ऑन?’ म्हणजे चला, कामाला लागू या. आमच्या एका पोराला वाटलं क्रॅकिंगचा माल निघाला. तो बिचारा तडकलेले मणी शोधायला क्रेटकडे पळाला.

गेल्या हंगामापासून रात्री जेवण झालं की मोबाइलवर इंग्रजी शिकवणारे विनोदी व्हिडिओ बघतो. नवरा-बायकोचं इंग्रजीतून भांडण, भाजीवालीशी इंग्रजीत घासाघीस, ‘थँक यू म्हणू नका, त्याऐवजी ह्या दहा गोष्टी म्हणा’. मजा येते, हसतो, सेव्ह करतो. सेव्ह केलेल्यांचा ढीग झालाय आणि त्यातलं एक वाक्य वेळेला ओठावर येत नाही. मध्ये एका ऑनलाइन कोर्सला पैसेही भरले. रोज सकाळी व्हॉट्सॲपवर ‘इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ छापाची वाक्यं यायची. एवढे गोरे आले-गेले, अवकाळी पावसातही उभे राहिले आमच्याबरोबर, पण ते वाक्य अजून कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

तर विचारायचं असं की कुणी खरंच असे व्हिडिओ बघून बोलायला शिकलंय का? कसले बघितले? खाली सबटायटल मराठी ठेवायची की इंग्रजी? आणि माझ्याकडे रात्रीचा अर्धा तास असतो, तोही डोळे मिटत असताना. त्यामुळे व्याकरणाचं लेक्चर नको, करमणूक पाहिजे.

तिखटमीठ (पुणे)

बागवालेदादा, तुमच्या त्या पोराला माझा नमस्कार सांगा, कामाला लगेच लागला तो!

लाजू नका, सरळ पेपा पिग लावा. ब्रिटिश कार्टून आहे, एकेक भाग पाच मिनिटांचा. डुकरांचं कुटुंब, त्यांची आजी-आजोबा, चिखल, डबे भरणं, गाडी बंद पडणं. सगळी घरातली, अंगणातली वाक्यं आणि तीही पूर्ण, स्पष्ट. माझ्या लेकीसाठी लावायला लागले आणि ‘मे आय हॅव सम मोअर’ऐवजी घरात नेमकं काय बोलतात ते मला तिथे कळलं. तुमच्या साहेबासारखं ‘ओह डिअर, नॉट टू वरी’ तर त्यात उठसूट असतं.

मिस्टर बीन सुचवणारे येतील आता. हसायला उत्तम, पण तो माणूस बोलतच नाही हो. त्यातून काय शिकणार, भुवया उडवायला?

सायकलवाली (आयंडहोवन)

तुमची द्राक्षं रॉटरडॅम बंदरावर उतरून आमच्या दुकानात येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पनेटवर ‘इंडिया’ वाचलं की मी उगाच दोन जास्तीची घेते. तेव्हा तुमच्या प्रश्नाला नीट उत्तर देणं भाग आहे.

सबटायटलचं आधी सांगते, कारण त्यावर इथेच, नेदरलँड्समध्ये काम झालंय. नायमेखनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. डच विद्यार्थ्यांना ऑस्ट्रेलियन आणि स्कॉटिश इंग्रजीतली दृश्यं दाखवली. काहींना खाली इंग्रजी अक्षरं, काहींना डच, काहींना काहीच नाही. नंतर त्याच उच्चारातली वेगळी वाक्यं ऐकवली. इंग्रजी सबटायटलवाल्यांचा कान सगळ्यांत चांगला सरावला होता. डच सबटायटलवाले मात्र नव्या वाक्यांना सबटायटलच न बघितलेल्यांपेक्षाही मागे पडले. डोळ्यांना आपल्या भाषेत आयतं मिळालं की कान ऐकायचे थांबतात, असा त्याचा अर्थ. अर्थात त्या पोरांना इंग्रजी आधीपासून चांगलं येत होतं. तुम्ही पहिल्यांदा बघताना गोष्ट कळावी म्हणून मराठी-हिंदी ठेवलं तरी चालेल. दुसऱ्या वेळेपासून मात्र खाली इंग्रजीच.

आपल्याकडेही हा प्रकार झालाय. दूरदर्शनवर चित्रहारमध्ये हिंदी गाण्यांखाली हिंदीच शब्द उमटायचे, आठवतंय का? आयआयएम अहमदाबादच्या ब्रिज कोठारींची ती कल्पना, १९९६ च्या आसपासची. जेमतेम अक्षरओळख असलेल्यांचं वाचन गाणी बघता बघता सुधारावं, हा हेतू. तुम्ही तेच उलट्या बाजूने वापरायचंय. अक्षरं तुम्हाला येतात, आवाज त्यांना चिकटवायचा आहे.

आता तुमचा खरा घोटाळा. तुम्ही फार बघता. मी इथे आले तेव्हा ऑफिसचं इंग्रजी फाडफाड यायचं, पण कॉफी मशीनपाशी माझी दातखीळ बसायची. तेव्हा एका मैत्रिणीने सांगितलं ते सांगते. एका व्हिडिओतला अर्ध्या-पाऊण मिनिटाचा तुकडा घ्या, ज्यात दोन माणसं साधं बोलतायत. मोबाइलवर पडद्याच्या डाव्या बाजूला दोनदा टकटक केलं की दहा सेकंद मागे जातं. वेग पाऊण करा. एक वाक्य झालं की थांबवा आणि त्याच्या चालीत मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात नाही. बायको-पोरं हसतील, हसू देत. त्याच तुकड्याला दोन-तीन रात्री चिकटून राहा. नवीन बघायचा मोह होतो, तेवढा आवरा. ढीगभर सेव्ह करून ठेवणं म्हणजे बियाणं आणून कोठीत ठेवल्यासारखं आहे.

आणि एक, तुमच्या धंद्याच्या कामाचं. इंग्रज माणूस वाईट गोष्ट फार मऊ करून सांगतो. तो ‘इट्स नॉट आयडियल’ म्हणाला तर समजा की माल त्याला पसंत नाही. ‘वी'व्ह गॉट अ बिट ऑफ अ प्रॉब्लेम’मधला ‘बिट’ पुष्कळदा चांगला मोठा असतो. उलट ‘नॉट बॅड अ‍ॅट ऑल’ म्हणजे खूश आहे, तोंड पाडू नका. आमचे डच याच्या बरोबर उलटे. ‘धिस इज नॉट गुड’ असं तोंडावर म्हणतील आणि पाच मिनिटांनी तुमच्याबरोबर हसत चहा पितील. त्याने भांडण काढलंय असं मनावर घेऊ नका.

‘यू ऑलराइट?’चं उत्तर ‘येस, यू?’ एवढंच. तब्येत सांगायची नाही. गुडघा दुखत असला तरी.

खडूफळा (सोलापूर)

मी निवृत्त इंग्रजीचा शिक्षक. तीसेक वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवलं, त्यामुळे बागवाले, तुमच्यासारखे शेकड्याने विद्यार्थी माझ्या हाताखालून गेले, आणि ‘वाचता येतं पण बोलता येत नाही’ याचं अर्धं पाप आम्हा मास्तरांचं. आम्ही परीक्षेपुरतं शिकवलं.

ताईंनी सांगितलेलं सगळं मान्य. त्यात कानाची बाजू जोडतो. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला साधारण सारखा न्याय देतो. इंग्रज तसं करत नाही. तो महत्त्वाच्या शब्दावर जोर देतो आणि मधले टू, ऑफ, फॉर, अँड गिळून टाकतो. ‘कप ऑफ टी’चा ‘कप्पटी’ होतो. ‘डिड यू’चं ‘डिज्यू’, ‘वुड यू’चं ‘वुज्यू’. तुमचा पाहुणा भरभर बोलतो असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात तो निम्मे शब्द अर्धवट सोडतो. हे पुस्तकात दिसत नाही. इथेच व्हिडिओचा खरा उपयोग, आणि तेही खाली इंग्रजी अक्षरं असतील तर. डोळ्याला ‘डिड यू’ दिसतं, कानाला ‘डिज्यू’ ऐकू येतं, आणि दोन्ही एकच आहेत हे एकदा ध्यानात आलं की पुढे सोपं जातं. यूट्यूबने आपोआप तयार केलेल्या अक्षरांवर मात्र डोळे मिटून विश्वास नको, बऱ्याचदा भलतंच उमटतं.

उच्चाराचं एक तुमच्या पिकातलंच उदाहरण देतो. इंग्रजीत द्राक्षाची वेल म्हणजे ‘व्हाइन’ आणि तिची दारू म्हणजे ‘वाइन’. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. दुसऱ्याला दात लागत नाहीत, ओठांचा चंबू होतो. आपण दोन्हीला एकच ‘व’ लावून मोकळे होतो. तुम्ही नाशिककर. तुमच्या जिल्ह्यात दोन्ही पिकतं. पाहुण्याला ‘मी तुम्हाला आमच्या वेली दाखवतो’ म्हणताना दात टेकवा, नाहीतर तो ग्लास शोधेल.

एखादा शब्द कसा बोलतात हे ऐकायचं असेल तर यूग्लिश नावाचं संकेतस्थळ आहे. शब्द किंवा अख्खं वाक्य टाका. व्हिडिओंमध्ये ते जिथे बोललं गेलंय नेमकं तिथून ते सुरू होतं. ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन असं निवडताही येतं. ‘फेअर इनफ’ टाकून बघा. खरी माणसं खऱ्या गप्पांत ते कसं टाकतात ते ओळीने ऐकायला मिळेल.

करमणुकीचं म्हणाल तर बीबीसी लर्निंग इंग्लिशची ‘इंग्लिश ॲट वर्क’ ही छोट्या ॲनिमेशनची मालिका तुमच्यासाठीच केल्यासारखी आहे. ॲना नावाची मुलगी लंडनच्या एका कंपनीत नोकरीला लागते, आणि ती कंपनी विकते काय, तर प्लास्टिकची फळं! ग्राहकाचा राग कसा शांत करायचा, उशीर झाला तर काय म्हणायचं, वरिष्ठाला नाही कसं म्हणायचं, सगळं तिथे चालतं. खरी फळं विकणाऱ्याला ते बघताना आणखीच मजा येईल.

ती जुनी रात्रशाळेची ब्रिटिश विनोदी मालिका, माइंड युअर लँग्वेज, तीही कुणीतरी सुचवेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. १९७७ ची. मीही पोट धरून हसलोय. पण त्यातले परदेशी विद्यार्थी चुकीचं बोलतात हाच तिचा विनोद आहे. कानाला वळण लावायला ती घेऊ नये, आणि आपल्या लोकांची त्यात केलेली टिंगल आता बघवतही नाही.

कुळागर (फोंडा)

मास्तरांचा मान राखून थोडं वेगळं बोलतो.

माझं घर फोंड्याला, पण धंदा कळंगुटला, दुचाक्या भाड्याने देतो. इंग्रज, रशियन, इस्रायली सगळे येतात. मालिका बघून शिकायचा नाद मीही केला. अडचण अशी की मालिकेतलं प्रत्येक वाक्य हशा पिकावा म्हणून लिहिलेलं असतं. तसं टाळीचं वाक्य खरं माणूस दिवसात एकदा बोलत असेल. आणि मागे तो हशा वाजत असतो, म्हणून आपण हसतो. कळलं म्हणून नाही.

मला इंग्रजी आलं ते इंग्लंडमधल्या गॅरेजवाल्यांच्या व्हिडिओंमधून. एखादा मनुष्य आपल्या शेडमध्ये जुनी मोटारसायकल खोलून बसलेला असतो आणि काम करता करता बडबडत असतो. तो काय म्हणतो ते त्याच्या हातात दिसतं. नट जरासाच आवळायचा असेल तर ‘जस्ट निप इट अप’. पार्ट अडकला तर ‘गिव्ह इट अ विगल’. पाना कुठल्या बाजूला फिरवायचा त्याचं त्यांचं गाणं आहे, ‘राइटी टाइटी, लेफ्टी लूझी’. एकदा एका ब्रिटिश गिऱ्हाइकाची आरशाची दांडी ढिली झाली होती, मी सहज म्हटलं, ‘आय'ल निप दॅट अप फॉर यू’. तो बघतच राहिला आणि विचारतो कसा, तू इंग्लंडला कुठे होतास? पणजीच्या पलीकडे माझी मजल गेली ती फार तर कोल्हापूरपर्यंत.

भावा, तुला द्राक्षं कळतात ना? मग द्राक्षंच बघ. लंडनजवळ हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात १७६८ साली लावलेली एक वेल आहे, अजून फळते. एवढी मोठी की एक अख्खी काचेची खोली तिची. तिच्यावरचे व्हिडिओ आहेत. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे बागकामाचे व्हिडिओ आहेत. म्हातारे माळी निवांत बोलतात, घाई नसते, आणि ते काय करतायत ते तुला आवाज बंद केला तरी कळेल. अर्थ आधीच माहीत असला की उरतात फक्त शब्द. करमणूक म्हणशील तर मला त्यातच जास्त होते.

खडूफळा (सोलापूर)

कुळागर, तुमचं म्हणणं पटलं, पण एक शंका. माळीबुवा एकटेच बोलतात. बागवाल्यांची अडचण समोरच्याला उत्तर देण्याची आहे. त्यासाठी दोन माणसांचं संभाषण ऐकावंच लागेल. तेव्हा सोमवारी माळी, मंगळवारी ॲना, असं काही तरी ठेवा.

बागवाला (निफाड)

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, मध्ये लागोपाठ कंटेनर भरायचे होते. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातात, प्रवास लांबलाय, त्यामुळे पॅकिंगला आणखीच डोळ्यांत तेल घालावं लागतं.

आधी कुळागरदादांचं ऐकलं, कारण ते सोपं वाटलं. एका व्हिडिओत एक बाई काचघरात शिडीवर चढून घडातले मणी कात्रीने कापत होत्या. अहो, हे तर आमचं थिनिंग! फक्त आमच्याकडे एकरभर बागेला बायांची टोळी लागते आणि इथे एक बाई एका घडाशी निवांत गप्पा मारल्यासारखी बोलतेय. एक मणी कापायचा, दोन वाक्यं बोलायची. ‘यू वॉन्ट टू टेक आउट द टायनी वन्स.’ ‘डोन्ट बी टू ग्रीडी.’ ‘जस्ट स्निप, लाइक सो.’ पुढे त्या पानावरच्या पांढऱ्या डागाकडे बोट दाखवून ‘मिलड्यू’ म्हणाल्या. आम्ही भुरी म्हणतो, औषधाच्या बाटलीवर इंग्रजी नाव रोज वाचतो, पण तोंडाने कुणी म्हटलेलं पहिल्यांदाच ऐकलं. मी मनात भलताच उच्चार धरून बसलो होतो, तो त्या एका शब्दात सरळ झाला.

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर मावश्यांना ‘डोन्ट बी टू ग्रीडी’ म्हणत फिरत होतो. त्यांना वाटलं मी मजुरीवरून टोमणा मारतोय. समजावून सांगेपर्यंत पुरेवाट झाली.

ताईंचा पाऊण मिनिटाचा प्रयोग रात्री कोल्ड स्टोअरेजच्या बाहेर बसून करतो. तिथे कॉम्प्रेसरची घरघर असते, त्यामुळे कितीही मोठ्याने बोललं तरी कुणाला ऐकू जात नाही. ॲनाच्या मालिकेतला एक तुकडा घेतलाय. पहिल्या रात्री जिभेला वळणच येईना. तिचं वाक्य संपायचं आणि माझं निम्म्यावर असायचं. मग मास्तरांनी सांगितलेलं आठवून मधले शब्द गिळायला लागलो. ‘कुड यू’ असं तोडून म्हणायच्या ऐवजी ‘कुज्यू’ म्हटलं की बरोबर तिच्या मापात बसतं. आपण प्रत्येक शब्द नीट म्हणायच्या नादात मागे पडतो हे मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकला तेव्हा कळलं. स्वतःचा आवाज ऐकणं मात्र फार वाईट काम आहे, कुणी सांगितलं नव्हतं.

पेपा पिगही लावलं. माझ्या पुतण्याने ते बळकावलं, आता मोबाइल माझ्या हाती येत नाही.

आणि खरी बातमी. इंग्लंडवाला पुन्हा आला होता. गाडीतून उतरला, ‘यू ऑलराइट?’ म्हणाला, मी ‘येस, यू?’ म्हटलं आणि तो पुढे चालायला लागला. एवढंच! मी वर्षभर त्या प्रश्नाला घाबरत होतो. दुपारी त्याने एक क्रेट उचलून बघितलं आणि म्हणाला, ‘इट्स नॉट आयडियल, इज इट?’ पूर्वी मी मान हलवून पुढचं क्रेट दाखवलं असतं. या वेळी म्हटलं, ‘हँग ऑन, लेट मी हॅव अ लुक.’ घड उलटा केला, आत दोन-तीन वॉटर बेरी होत्या. ती अख्खी लाइन थांबवून परत तपासली. तो ‘चिअर्स’ म्हणाला. साधा थँक्सच तो, एवढं आता कळतं.

अडचण एकच राहिली. समोर माणूस असला की हातवारे असतात, माल हातात असतो, जमून जातं. फोनवर काहीच दिसत नाही. परवा रॉटरडॅमच्या वेअरहाऊसमधून फोन आला, मागे फोर्कलिफ्टचा आवाज, तिकडचा माणूस बहुतेक पोलिश, त्याचं इंग्रजीही माझ्यासारखंच. दोघं मिळून नुसतं ‘हॅलो हॅलो’ करत होतो. फोनसाठी काय करता तुम्ही लोक?

तिखटमीठ (पुणे)

पुतण्याचं इंग्रजी दोन महिन्यांत तुमच्या पुढे जाईल. मग फोन त्यालाच द्या.

सायकलवाली (आयंडहोवन)

वॉटर बेरीचा किस्सा वाचून मस्त वाटलं. त्या पनेट बहुतेक माझ्याच दुकानात येतील.

फोनची भीती इथे पहिलं वर्षभर मलाही होती. फोनसाठी व्हिडिओ बघू नका, ऐका. तोच पाऊण मिनिटाचा तुकडा दोन-तीन रात्री झाला की शेवटच्या रात्री मोबाइल पालथा ठेवा आणि नुसत्या आवाजावर म्हणा. बीबीसीचंच ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ आहे, दोन माणसं सहा मिनिटं एका विषयावर बोलतात. बघण्यासारखं त्यात काही नसतं, म्हणून ते फोनच्या तयारीला चांगलं. गाडी चालवताना लावा.

दुसरं म्हणजे न कळल्याचं सांगायची वाक्यं आधी पाठ हवीत, ती त्या क्षणी सुचत नाहीत. ‘सॉरी, द लाइन इज बॅड, कॅन यू से दॅट अगेन?’ आणि लगेच ‘लेट मी जस्ट रिपीट दॅट’ म्हणून ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. पोलिश माणसालाही तेच हवं असतं. त्यालाही तुमच्यासारखीच धाकधूक असते.

आकडे मात्र फोनवर अजिबात मान्य करू नका. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ मागे फोर्कलिफ्ट असताना कुणालाच वेगळे ऐकू येत नाहीत, इंग्रजालाही नाही. ‘वन फाइव्ह ऑर फाइव्ह झिरो?’ असं विचारा आणि फोन ठेवायच्या आधी ‘कुज्यू सेंड मी दॅट ऑन व्हॉट्सॲप?’ म्हणा. खराब निघालेल्या पेट्या पंधरा होत्या की पन्नास, यावर नंतर वाद घालायला तुमच्याकडे लेखी काहीतरी असलं पाहिजे.